आधी धाकटीने म्हणायचं

९ मार्च

ताई,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर पुढच्या दोन ओळी वाच आणि मग फाड, कारण त्यात तुझ्या आनंदाची बातमी आहे.

तुझी धाकटी बहीण सरकारदरबारी गुन्हेगार ठरली आहे. गुन्हा काय, तर लिफ्टवाल्याशी माझं लग्न खोटं आहे. या देशात राहायचे कागद मिळावेत एवढ्यासाठी केलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी तू फोनवर ओरडली होतीस, "याला लग्न म्हणत नाहीत!" आणि फोन आपटला होतास. घे, आता सरकारचंही तेच म्हणणं आहे. झालं समाधान?

आणि खरी गंमत पुढेच आहे. हा गुन्हा मी स्वतःच कोर्टात उभं राहून कबूल केला.

अगं, बस खाली, सांगते. एका सकाळी दोन अधिकारी दारात उभे. घर बघायचंय म्हणाले. बघा म्हटलं. आतल्या खोलीत त्याचा पलंग आणि स्वयंपाकघरात माझी घडीची खाट बघून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही वेगळे झोपता?" मी म्हटलं, "तो घोरतो." त्यांनी ते लिहून घेतलं, पण चेहऱ्यावरून विश्वास बसलेला दिसला नाही. मग आम्हाला दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच तेच प्रश्न विचारले. आमची उत्तरं जुळली नाहीत. झाली केस उभी.

कोर्टाने दिलेला फुकटातला वकील मला जिन्याखाली चहाच्या मशीनपाशी भेटला. एका हातात अर्धा खाल्लेला पाव, दुसऱ्या हातात माझी फाईल. म्हणाला, "बाई, लढलात तर नवऱ्यालाही आरोपी करतील. त्याचं लिफ्ट दुरुस्तीचं लायसन्स जाईल. हो म्हणालात तर ताकीद देऊन सोडतील, जेवायला घरी." यापुढे काय होतं ते त्याने सांगितलं नाही. पाव संपवला आणि आत गेला.

आणि ताई, मला एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं. अप्पांचा कायदा आठवतो ना? ताटं मांडायच्या आधी भांडण मिटलंच पाहिजे. आधी धाकटीने 'चुकलं' म्हणायचं, मग मोठीने 'बरं' म्हणायचं, आणि खरं कोणाचं होतं हे कोणीही विचारायचं नाही. मी जन्मभर तेच केलंय. 'चुकलं' म्हटलं की वाद संपतो आणि वाढायला घेतात. माझ्या मनाने घेतलं की हेही तसंच असणार.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी म्हटलं, "हो, चुकलं."

त्या 'बरं' म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसतं लिहून घेतलं.

पाच दिवसांपूर्वी सरकारचं पाकीट आलं. असा गुन्हा ज्याच्या नावावर लागला त्याला इथे राहता येत नाही. मला देश सोडायचाय, तोही एकटीने. अपील करायला थोडा वेळ दिलाय. अपिलातही हरले तर नवरा इथे आणि मी तिकडे तुझ्या दारात, आणि तू दार उघडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे.

लिफ्टवाला माझ्यावर भयंकर रागावलाय. घालवणार आहेत म्हणून नाही. "तू भर कोर्टात सांगितलंस की मी तुझा खोटा नवरा?" एवढं एकच वाक्य तो धरून बसलाय. माझी घडीची खाट त्याने गच्चीवर नेऊन ठेवली. "आजपासून आपण एकाच खोलीत झोपायचं. येऊ दे कोणाला यायचंय ते." त्यामुळे ताई, चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. अन्याय झाला तो हा.

तुझी
बारकी

२ एप्रिल

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी अपेक्षाही केली नव्हती. (केली होती.)

मला चांगली वकील मिळाली आहे. मी काम करते त्या लॉन्ड्रीतल्या मुकादमबाईंची ओळख. ही वकीलीण चाकांच्या भाजीच्या पिशवीतून फायली आणते आणि खुर्चीवर बसली की आधी चपला काढते. मला लगेच आवडली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "कबुली मागे घेता येते. पण दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. कबुलीचा परिणाम काय होईल हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ही एक. ती सोपी आहे, कारण त्या पाववाल्या वकिलाने आपण सांगितलं नसल्याचं लिहूनच दिलंय, बिचारा लाजला असावा. दुसरी अवघड आहे. परिणाम माहीत असता तर तुम्ही 'हो' म्हणालाच नसता, लढला असता, हे कोर्टाला पटलं पाहिजे."

मग तिने त्या दोन खोल्यांतली प्रश्नोत्तरं आमच्यापुढे मोठ्याने वाचली. ताई, आम्हा दोघांनाही एकमेकांनी काय सांगितलं ते तेव्हाच कळलं.

नवरा चहात साखर किती घेतो? मी: अजिबात नाही, डॉक्टरांनी बंद केलीय. तो: तीन चमचे.

"तीन?" मी ओरडले.

"कामावर," तो पुटपुटला. "घरी नाही घेत मी."

गेल्या वाढदिवसाला नवऱ्याने बायकोला काय दिलं? तो: हिरवा स्कार्फ. मी: कुकर.

"कुकर?" आता तो ओरडला. "माझा स्कार्फ कुठाय?"

अगं, असला हिरवा की डोळे दुखावेत! मी गुपचूप दुकानात जाऊन बदलून कुकर आणला होता. आपण दिलेला स्कार्फ मी फार जपून ठेवलाय, म्हणून घालत नाही, असं हा वर्षभर समजत होता.

शेवटचं भांडण कशावरून झालं? मी: खिडकी. त्याला बंद लागते, मला उघडी. तो: आम्ही कधीच भांडत नाही.

"खोटारड्या!"

"चांगलं दिसावं म्हणून बोललो! आणि खिडकी बंदच असली पाहिजे, गार वारा येतो!"

तिथून जी आमची जुंपली, ती खिडकीवरून साखरेवर, साखरेवरून कुकरवर, आणि कुकरवरून त्याच्या आईने लग्नात दिलेल्या पडद्यांवर गेली. आणि वकीलीण? टेबलावर डोकं ठेवून हसत होती, पेन खाली पडलं तरी तिला पत्ता नव्हता. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "सरकारला वाटतं नवरा-बायकोला एकमेकांचं सगळं ठाऊक असतं. हे प्रश्न ज्याने काढले त्याचं लग्न झालेलं नसणार."

येताना बसमध्ये तो खिडकीपाशी बसला, मी पुढच्या बाकावर. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "कुकर चांगला आहे." मी म्हटलं, "एक चमचा घे घरी. पण एकच."

तुझी
बारकी

१७ जून

ताई,

आज हट्ट करायचाय, तेव्हा नीट लिहिते.

सरकारी वकिलाचं म्हणणं लेखी आलंय. त्यात तू आहेस. म्हणजे तुझं नसणं आहे. "आरोपीच्या माहेरचं एकही माणूस लग्नाला नव्हतं. जिने आरोपीला लहानाचं मोठं केलं त्या सख्ख्या बहिणीशी तिचा गेली सहा वर्षं संबंध नाही. लग्न खरं असतं तर घरच्यांपासून लपवलं नसतं." आणि पुढे: "जी बाई एका मिनिटात कबुली देते, ती परिणाम माहीत असतानाही देईलच."

वाचलं आणि पहिल्यांदा मी घाबरले. कारण हे दुसरं वाक्य चुकीचं कसं म्हणू? मी खरंच एका मिनिटात म्हणते. दूध उतू जाऊ दे, ट्रॉली घसरू दे, माझं तोंड आधी 'चुकलं' म्हणतं आणि मग मी बघते कोणाचं चुकलं. लॉन्ड्रीत चादरी कमी आल्या तरी मुकादमबाई म्हणतात, "हिला विचारू नका, ही हो म्हणेल."

वकीलीण म्हणाली, "तुमच्या बहिणीला साक्षीला आणा. तिकडच्या कोर्टात बसून पडद्यावरून देता येते, मी परवानगी काढते. त्या का बोलत नाहीत एवढंच त्यांनी सांगायचं." मी म्हटलं, "बाई, तुम्ही आमच्या ताईला ओळखत नाही. ती पंचवीस वर्षं बस कंडक्टर होती. भल्याभल्यांना तिने मधल्या स्टॉपवर उतरवलंय."

तुला काय वाटतं ते मला माहीत आहे. आईमागे तू माझी वेणी घातलीस, माझ्या फीसाठी जादा पाळ्या केल्यास, माझ्यासाठी बँकेतला मुलगा बघितलास. आणि मी लिफ्टमध्ये अडकले असताना दाराच्या फटीतून गप्पा मारणाऱ्या माणसाशी लग्न केलं, तेही तुला न विचारता. पण ताई, तो दीड तास बोलत होता, मला भीती वाटू नये म्हणून. दार तर त्याने केव्हाच दुरुस्त केलं होतं, हे त्याने लग्नानंतर सांगितलं. अशा माणसाला मी काय करणार होते?

माझ्यासाठी नाही म्हणत. खोटं बोल असंही नाही म्हणत. तू का चिडलीस तेवढं खरं खरं सांग. चिडायला तुला कोणी शिकवायला नको.

मला इथून जायचं नाही, ताई. त्याच्याशिवाय मला राहायचं नाही. बस्स, एवढंच आहे.

तुझी
बारकी

३० ऑगस्ट

ताई,

उद्या सुनावणी. तुझं काही कळलं नाही. वकीलीण म्हणते तिकडच्या कोर्टातून नोटीस तुला पोचली आहे, पुढचं तुझ्यावर. मी माझा निळा कोट इस्त्री करून ठेवलाय. लिफ्टवाला कंपनीचा बिल्ला लावून येणार म्हणतोय. म्हटलं, लाव बाबा. हे पत्र तुला सुनावणीनंतरच मिळेल, तरी लिहितेय, कारण कोट दोनदा इस्त्री करून झाला, आणि तुला लिहायला बसलं की तिसऱ्यांदा करावासा वाटत नाही.

बा.

१ सप्टेंबर

ताई, ताई, ताई!

तुला तिकडून नुसती तीन न्यायाधीशांची डोकी दिसली असतील, म्हणून खोलीत काय काय चाललं होतं ते सगळं सांगते.

आधी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची साक्ष झाली. त्यांना विचारलं, "हे दोघं नवरा-बायको म्हणून राहतात का?" आजी म्हणाल्या, "सहा वर्षं मी झाडूच्या दांड्याने छत ठोकतेय. दिवसा दोघं भांडतात, रात्री तो घोरतो. लग्न खोटं असतं तर मला झोप लागली नसती का?" मधले न्यायाधीश खाली बघून काहीतरी लिहायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग पडदा लागला. आधी तुझं नुसतं कपाळ. मग तू मागे सरकलीस आणि म्हणालीस, "आवाज येतोय का? मागच्यांना येतोय?" दुभाष्याने ते सांगताच खोलीत सगळ्यात मागे बसलेल्या माणसाने हात वर केला गं! मला हसू आणि रडू एकदमच आलं. केस पांढरे केलेस तू. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

सरकारी वकिलाने विचारलं, "हे लग्न खोटं आहे हे माहीत असल्यामुळेच तुम्ही बहिणीशी बोलणं टाकलंत ना?" त्यावर तू काय म्हणालीस ते तुला ठाऊकच आहे. पण दुभाष्याने त्याचं काय केलं ते ऐक. तो आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "साक्षीदार म्हणतात की, वकीलसाहेबांच्या डोक्याबद्दल त्यांना शंका आहे. आदरपूर्वक." तू पुन्हा काहीतरी म्हणालीस. तो म्हणाला, "आदर माझ्या पदरचा आहे असं साक्षीदार म्हणतात." लिफ्टवाल्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं आज सुजलीत.

आणि मग तू ते बोललीस. दुभाष्याने ते हळूहळू, एकही शब्द न गाळता सांगितलं. मला पाठ झालंय:

"आरसा मी फोडला, चुकलं ही म्हणाली. अप्पांच्या चष्म्यावर मी बसले, चुकलं ही म्हणाली. शेजाऱ्यांच्या खिडकीत मी चेंडू घातला आणि माफी मागायला ही गेली, तेव्हा हिला धड चेंडू फेकताही येत नव्हता. या पोरीला जगात कोणीही विचारलं तरी ती म्हणते, चुकलं. फक्त एकदा म्हणाली नाही. या माणसाबद्दल. मी महिनाभर रोज फोन केला, 'एकदा म्हण चुकलं, मी बरं म्हणते, विषय संपवू.' रडत होती, पण म्हणाली नाही. म्हणून मी बोलणं टाकलं. साहेब, जिने स्वतःच्या बहिणीला सोडलं पण या माणसाला चूक म्हटलं नाही, तिचा नवरा खोटा कसा?"

सरकारी वकील खाली बसला.

मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, "कबुली दिली तर नवऱ्यापासून दूर जावं लागेल हे तिला माहीत असतं, तर तिने ती दिली असती का?"

"मेली असती तरी नाही," तू म्हणालीस. आणि तुझा पडदा काळा झाला. तिकडची वीज गेली की तूच उठलीस? खरं सांग.

मला स्वतःला हे माहीत नव्हतं, ताई. मला वाटायचं मी भित्री आहे. सहा वर्षं मी एका गोष्टीवर ठाम उभी आहे हे मला तुझ्या तोंडून कळलं, तेही भर कोर्टात.

ते तिघं आत गेले, बाहेर आले. कबुली रद्द. शिक्षा रद्द. केस पहिल्यापासून. लिफ्टवाला उभा राहिला आणि त्याला उचकी लागली, ती घरी येईपर्यंत थांबली नाही. आजींनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की बिल्ला निसटून वकीलिणीच्या भाजीच्या पिशवीत पडला.

तुझी, तुझीच
बारकी

१२ ऑक्टोबर

ताई,

केस पहिल्यापासून म्हणजे खरोखर पहिल्यापासून. तेच खालचं कोर्ट, त्याच न्यायाधीशबाई, जिन्याखाली तेच चहाचं मशीन. वकीलिणीने चपला घातल्या आणि म्हणाली, "तोच प्रश्न विचारतील. घाई करू नका."

"गुन्हा कबूल आहे?"

तोंडात ते आलंच होतं गं. चाळीस वर्षांची सवय आहे. मी ओठ मिटले, त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, त्याला भीती वाटली की तो असं करतो. आणि मी म्हटलं, "नाही. माझं काहीही चुकलेलं नाही."

इतक्या जोरात म्हटलं की दारातल्या शिपायाने वळून बघितलं. पुन्हा म्हणायला मिळालं असतं तर म्हटलं असतं. सरकारी वकील उठला आणि म्हणाला, सरकारला ही केस पुढे चालवायची नाही, देश सोडायचा हुकूमही मागे घेतलाय. न्यायाधीशबाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "बरं."

आम्ही बाहेर आलो आणि पायऱ्यांवरच बसलो. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. तो म्हणाला, आता घरी जाऊन खिडकी उघड, आज उघडी चालेल. मी म्हटलं, नको, गार वारा येतो. आणि मग त्यावरही भांडलो. खाट मात्र गच्चीवरच आहे. कानात कापूस घालते. सवय होते म्हणतात, मला अजून झालेली नाही.

आता परवा संध्याकाळी तू केलेल्या फोनबद्दल. मी लॉन्ड्रीत होते, यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येईना, तरी तू काय म्हणालीस ते मला नीट कळलं. तू म्हणालीस, "बारके, माझं चुकलं." आणि माझ्या 'बरं'ची वाट बघत बसलीस. आणि मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल मी अजून रागावलेय.

अगं, तुझ्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं ना. मी चादरींच्या ढिगावर बसले आणि इतकी रडले की मुकादमबाईंना वाटलं कोणीतरी गेलं.

पण ऐक. मी 'बरं' म्हटलेलं नाही, आणि इथून म्हणणारही नाही. अप्पांचा कायदा तूच मला शिकवलास. ते फोनवर म्हणायचं नसतं. समोरासमोर, ताटं मांडायच्या आधी म्हणायचं असतं. तीन ताटं मी काढून ठेवलीत.

ये.

बारकी